शेजारधर्म – भाग ६ : जन्माने कोणीच ख्रिस्ती नसतो

छिंदवाड्यात ज्या चर्चचे मुख्यालय आहे त्याचे पूर्ण नाव 'इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन मध्यप्रदेश'. सौंसर-पांढुर्ण्याची माणसे कोर्टकचेरीच्या कामाने वर्षानुवर्षे छिंदवाड्याला गेली, त्यातल्या कित्येकांनी हे नाव वाचलेही असेल. 'लुथरन'चा उलगडा मागच्या भागात झाला. राहिला तो पहिला, जीभ अडखळवणारा शब्द.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शुभवार्ता. मराठी ख्रिस्ती माणूस तिला 'सुवार्ता' म्हणतो, आणि हाच शब्द घरातला आहे. जर्मनी-स्वीडनकडे 'इव्हँजेलिकल' म्हणजे बराच काळ नुसते 'प्रोटेस्टंट'. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफिल्ड उघड्या मैदानात प्रवचने करू लागले तेव्हा शब्दाला दुसरी धार आली. देवळात नाव नोंदवलेला आणि आतून पालटलेला, या दोन माणसांत फरक करणारी ती धार. छिंदवाडा, बैतूल, सागर या पट्ट्यात १८७७ पासून काम करणारे स्वीडिश मिशन १८५६ साली स्थापन झालेल्या संस्थेचे होते, आणि ती संस्था स्वीडनच्या सरकारी चर्चमधल्या अशाच एका जागृतीतून निघाली होती. म्हणजे त्या नावात शब्दाचे दोन्ही अर्थ नांदतात.

एक गैरसमज आधी काढू. इव्हँजेलिकल हा वेगळा पंथ नाही. असा माणूस मेथडिस्टांत भेटेल, बॅप्टिस्टांत भेटेल, लुथरन मंडळीत भेटेल, नाहीतर टिनाच्या छपराखाली रविवारी जमणाऱ्या पंधरा जणांत भेटेल. 'इव्हँजेलिकलांचे चर्च कोणते?' हा प्रश्न 'वारकरी कोणत्या गावचे?' असे विचारण्यासारखा आहे.

मग त्याची ओळख कशी पटते? त्याच्याशी दहा मिनिटे बोला. तो कुठेतरी म्हणेल, "माझा जन्म ख्रिस्ती घरातला, पण मी प्रभूला स्वीकारलं ते अमुक साली." ऐकणारा गोंधळतो. बाप ख्रिस्ती, आई ख्रिस्ती, बाप्तिस्मा झालेला, मग स्वीकारायचे काय उरले? या प्रश्नाच्या उत्तरात त्यांचा सगळा विश्वास आहे, आणि ते उत्तर मराठीत पंडिता रमाबाईंच्या आयुष्याइतके स्वच्छ कुठे सापडत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला संस्कृत शिकवले, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर हिंडले, दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे ख्रिस्ती जोगिणींच्या आश्रमात त्यांनी आणि त्यांच्या छोट्या मुलीने, मनोरमेने, बाप्तिस्मा घेतला. शाळेतल्या पुस्तकात गोष्ट साधारण इथे संपते: रमाबाई ख्रिस्ती झाल्या.

रमाबाईंच्या लेखी ती तिथे सुरू झाली. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्या अडाणी श्रद्धाळू नव्हत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून त्यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद चालला होता. 'मी एका पुरोहितशाहीतून सुटले ते दुसरीच्या दावणीला बांधून घ्यायला नाही' असा त्या सगळ्या पत्रव्यवहाराचा सूर. बुद्धीने पटले होते, मनाला शांती नव्हती. त्या काळात त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन पडले. हॅस्लमची गोष्ट मजेदार आहे. १८५१ साली कॉर्नवॉलमधल्या आपल्याच चर्चमध्ये प्रवचन करता करता या पाद्र्याचे स्वतःचेच मनपरिवर्तन झाले! कीर्तनकाराला आपल्याच निरूपणाने पाझर फुटावा, तसे. पाद्र्यालाही हे लागते, तर आपल्याला का नाही, असे रमाबाईंना वाटले असल्यास नवल नाही. १८९१ च्या सुमारास त्यांना तो अनुभव आला. आपण काही कमवायचे नाही, जे व्हायचे ते ख्रिस्ताने आधीच केले आहे, आपण ते घ्यायचे, एवढे कळले आणि मनावरचे ओझे उतरले.

याला इव्हँजेलिकल 'नवा जन्म' म्हणतात. योहानाच्या शुभवर्तमानातल्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा एक यहुदी गुरू रात्रीच्या वेळी येशूकडे येतो आणि पुन्हा जन्मण्याचे ऐकून चक्रावतो, तिथला हा शब्द. आपल्या कानाला तो पुनर्जन्मासारखा लागतो आणि घोटाळा होतो. पुनर्जन्म मेल्यानंतरचा, कर्माप्रमाणे मिळणारा. हा याच देहात होणारा, आणि कर्माचा हिशेब बाजूला ठेवणारा.

आपल्याकडच्या माणसाला समजावायचे तर बगीचात चला. संत्र्याची बी लावून कोणी बाग धरत नाही. जंबेरीचे रोप वाढवायचे, खोड पेन्सिलीएवढे झाले की साल चिरून त्यात नागपुरी संत्र्याचा डोळा बांधायचा. डोळा धरला की वरचे जंबेरीचे शेंडे छाटायचे. मूळ तेच, माती तीच, पाणी तेच. फळ मात्र दुसऱ्याच झाडाचे. इव्हँजेलिकल विश्वास साधारण असा आहे. खुंट कितीही जोमदार असो, त्याला आपण होऊन संत्री लागत नाहीत. डोळा बाहेरून यावा लागतो. आणि शेतकऱ्याला पुढचेही ठाऊक आहे: कलमाच्या खालून जंबेरीची फूट येतच राहते, ती मोडली नाही तर सगळे झाड खाऊन टाकते. नवा जन्म झालेल्या माणसातही जुना स्वभाव असा फुटत राहतो असे ते मानतात. रोजची प्रार्थना, उपास, पापाची कबुली ही ती फूट मोडण्याची कामे. मोक्ष कमावण्याशी त्यांचा संबंध नाही. (कलमाचा दाखला पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात दिला आहे, जैतुनाच्या झाडाचा, पण त्याचा विषय यहुदी आणि इतर लोक हा होता. माझा दाखला त्याच्या माथी मारू नका.)

बाकीची तत्त्वे या एका गोष्टीभोवती लागतात. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ च्या पुस्तकात इव्हँजेलिकलांच्या चार खुणा सांगितल्या आणि अभ्यासक आजही त्याच वापरतात: मनपरिवर्तन, बायबल, वधस्तंभ आणि कामाची धडपड. यातला वधस्तंभ आपल्याला सर्वांत अनोळखी. येशूने चांगली शिकवण दिली हे कुणीही मान्य करतो. इव्हँजेलिकल तेवढ्यावर थांबत नाही. माणसाच्या पापाची शिक्षा निरपराध येशूने स्वतःवर घेतली, तो खरोखर मेला आणि तिसऱ्या दिवशी खरोखर उठला, हा त्याच्या लेखी घडलेला इतिहास आहे. तो काढला तर उरते ती नीतिकथा, आणि नीतिकथेने तारण होत नाही. देव एकच, पिता-पुत्र-पवित्र आत्मा असा. येशू परत येणार. बायबल हा शेवटचा आधार. यांवर त्यांच्यात फारसे भांडण नाही. भांडण आहे ते आजार बरे करण्याच्या सभांवर आणि 'विश्वास ठेवा, पैसा येईल' छापाच्या उपदेशावर. बाहेरच्यांना ते सगळे एकच वाटते. आतले अनेक पाळक त्याला सुवार्ता म्हणायला तयार नसतात.

आता अवघड जागा. 'तारण फक्त येशूद्वारे' हे वाक्य शेजाऱ्याला टोचते. जेवढी मते तेवढे पंथ, सगळे एकाच ठिकाणी पोचतात, अशा समजात वाढलेल्या आपल्याला हा हट्ट वाटतो. तो हट्ट आहेच, आणि तो लपवून गोड करून सांगणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय होईल. ज्याला खरोखर वाटते की हा एकच दोर आहे, तो दोर दाखवल्याशिवाय राहणार नाही. म्हणून ते साक्ष देतात, पत्रके वाटतात.

इथेच इतिहास किचकट होतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या. आपला छिंदवाडा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. त्या प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली-बायका नेल्या आणि पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. त्या मुली वाचल्या. पुढे बहुतेक ख्रिस्ती झाल्या. भुकेने अर्धमेल्या मुलीचा होकार किती मोकळा, हा प्रश्न रास्त आहे. त्याआधी १८९३ मध्ये रमाबाईंच्याच शारदा सदन या शाळेतल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर शाळेच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. दोघेही रमाबाईंचे वैरी नव्हते. १९५४ मध्ये नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्यप्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी नियोगी समिती नेमली, १९६८ मध्ये धर्मांतराचा कायदा झाला, २०२१ मध्ये नवा आला. त्यात धर्म बदलू पाहणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे अशी अट घातली गेली.

माझे मत सांगतो. आमिषाने केलेले धर्मांतर सर्वांत आधी त्यांच्याच शिकवणीत बसत नाही. नवा जन्म देव देतो असे मानायचे आणि तो धान्याच्या पोत्याने घडवायचा, हे एका वहीत जमत नाही. पण त्याच न्यायाने, मनातल्या पालटाची तारीख साठ दिवस आधी कोणी कचेरीत कशी लिहून देणार, याचेही उत्तर मला सापडलेले नाही.

हे सगळे दूरदेशीचे वाटत असेल तर नकाशा पाहा. नागपूरला १८४५ पासून काम केलेले स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे कॉलेज आहे, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. १८४३ साली तिथल्या इव्हँजेलिकल मंडळींनी सरकारी चर्च सोडून ते काढले होते. देशभरच्या इव्हँजेलिकलांची संघटना, इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया, १९५१ मध्ये स्थापन झाली ती दिल्ली-मुंबईत नव्हे, अकोल्याला. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळात उभी राहिली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. पांढुर्ण्याहून वरूड-अमरावतीमार्गे निघालात तर अकोला एका दिवसात जाऊन परत येण्याजोगे आहे.

रमाबाईंनी शेवटची वर्षे एका कामात घातली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खे बायबल मराठीत आणले, तेही शाळा न पाहिलेल्या बायकांना कळेल अशा साध्या मराठीत. संस्कृतच्या या पंडितेने संस्कृताळलेले शब्द मुद्दाम टाळले. खिळे जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्या केडगावच्याच बाया होत्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. आपल्या भागातल्या कुणाच्या घरी, आजी-पणजीच्या पेटीत, त्याची प्रत असेल तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात छिंदवाड्याच्या स्वीडिश मिशनकडे वळू.