गाडीचे तापणे : जुन्या टर्बो एंजिनातील थर्मोस्टॅट व शीतलन

‘गाडी तापली’ या मराठी वाक्याचे दोन परस्परविरोधी अर्थ होतात. थंडीच्या पहाटे चालक ‘एंजिन जरा तापू दे’ म्हणतो, तेव्हा तापणे ही इष्ट अवस्था असते. तीच गाडी कसारा घाटात वाफ सोडीत उभी राहते, तेव्हा ‘तापली’ हा शब्द अरिष्टाचा वाचक होतो. दोन्ही अवस्थांना एकच क्रियापद असल्यामुळे तापणे म्हणजे दोषच आणि एंजिन जितके थंड तितके बरे, असा समज सहज दृढ होतो. जुन्या गाड्यांतील थर्मोस्टॅट काढून टाकण्याच्या प्रथेला हाच समज पोषक ठरतो. ही प्रथा का घातक आहे आणि त्याऐवजी काय करावे, हे सांगणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

नाशिककरांना हा विषय परका नाही. २००२ साली बाजारात आलेली, २.६ लिटर टर्बो डिझेल एंजिनाची महिंद्रा स्कॉर्पिओ नाशिकच्याच कारखान्यात तयार होत असे. अशा वयस्क टर्बो गाड्यांना येथे दोन टोकांच्या परीक्षा द्याव्या लागतात. एक निफाडकडील कडाक्याची थंडी, आणि दुसरी एप्रिल-मे महिन्यांत मालमोटारींच्या मागून सावकाश चढावयाचा कसारा घाट.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. ग्रीक ‘थेर्मोस’ म्हणजे उष्ण. संस्कृत ‘घर्म’ व त्यापासून आलेला आपला ‘घाम’ हे शब्द त्याच मूळ धातूचे वंशज होत. ‘स्टाटोस’ हा संस्कृत ‘स्थित’ शब्दाचा सगोत्र आहे. म्हणजे थर्मोस्टॅट हा थंड करणारा नव्हे, तर उष्णता स्थिर राखणारा. त्याच्या पोटात विशिष्ट तापमानाला वितळणारे मेण असते. वितळताना मेण फुगते, दांडी ढकलते आणि स्प्रिंगच्या विरुद्ध झडप उघडते. झडप बंद असेतो शीतलद्रव रेडिएटरकडे न जाता आडवाटेने एंजिनातच फिरतो. उघडल्यावर तो रेडिएटरातून निवून परत येतो.

झडपेवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. कारागीर ‘ब्याऐंशीचा वॉल’ म्हणतात, तेव्हा ऐकणाऱ्यास तो तापमानाची कमाल मर्यादा वाटतो. वस्तुतः तो झडप उघडू लागण्याचा बिंदू असतो. पूर्ण उघडण्यास आणखी दहा ते पंधरा अंश लागतात. सारांश, एंजिन किती तापापर्यंत चढलेच पाहिजे हे थर्मोस्टॅट ठरवितो. किती तापाच्या वर जाता कामा नये, हे रेडिएटर, पंखा व पाण्याचा पंप यांच्या कुवतीवर अवलंबून असते. म्हणून कमी आकड्याची झडप बसविल्याने घाटातील ताप कमी होत नाही. दोन्ही झडपा पूर्ण उघडल्यावर त्यांच्यात फारसा भेद उरत नाही.

टर्बो एंजिनात ही कुवत अधिक लागते. टर्बो जादा हवा कोंबतो, तिच्याबरोबर जादा इंधन जळते, आणि लहानशा एंजिनात मोठ्या एंजिनाइतकी उष्णता निर्माण होते. शिवाय इंटरकूलर व वातानुकूलनाचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असल्यास त्यावर येणारी हवा आधीच ऊन झालेली असते.

झडप काढून टाकल्यास काय घडते, याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने घेतला आहे. एका जुन्या टर्बो डिझेल गाडीतील झडप दुरुस्तीच्या वेळी ‘गाडी थंड राहील’ म्हणून काढण्यात आली. हिवाळाभर काटा वर चढेना, आणि इंधन अधिक लागले. उन्हाळ्यात मात्र पहिल्याच घाटात काटा लाल खुणेला भिडला. कारण सोपे होते. त्या एंजिनातील झडप उघडताना तिची दुसरी चकती आडवाट बंद करीत असे. झडपच नसल्यामुळे बराचसा द्रव रेडिएटर चुकवून तापलेलाच परत फिरू लागला.

तेव्हा निवड करताना निर्मात्याने सांगितलेला आकडा व घडण तीच ठेवावी. मेणाची बाजू एंजिनाकडे असावी, हवा सुटण्याचे बारीक छिद्र वरच्या अंगास यावे आणि गॅस्केट नवे घालावे. नवी झडपही बसविण्यापूर्वी पातेल्यातील पाण्यात तापमापकासह टांगून पाहावी. येथे एक स्थानिक सावधगिरी हवी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. त्यामुळे ८८ ची झडप पातेल्यात पूर्ण उघडली नाही, एवढ्यावरून ती बाद ठरवू नये. ती योग्य अंशाला उघडू लागते की नाही, हे पाहावे.

गाडीत मात्र द्रव इतक्या लवकर उकळत नाही. कारण रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते. झाकणाचे रबर कुजले की हे संरक्षण जाते. शीतलद्रवही नुसते पाणी असू नये. आपल्या बेसाल्ट खडकातील विहिरींचे पाणी पुष्कळदा जड असते व त्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात. ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट समभागी घ्यावे आणि निर्मात्याने दिलेल्या मुदतीत बदलावे. रेडिएटरच्या जाळीतील धूळ आतून बाहेर, मंद धारेने धुवावी.

निदानासाठी लक्षणांचा क्रम उपयोगी पडतो. काटा वर चढतच नसेल, तर झडप उघडी अडकली असावी. एंजिन तापूनही रेडिएटरची खालची नळी थंड असेल, तर ती बंद अडकली असावी. केवळ रहदारीत ताप चढत असेल तर पंखा, आणि केवळ चढणीवर चढत असेल तर रेडिएटर तपासावा. गळती न दिसता द्रव घटत असेल आणि त्यात बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी.

घाटात काटा चढू लागल्यास वातानुकूलन बंद करावे, हीटर पूर्ण चालू करावा व सुरक्षित जागी थांबावे. द्रव शिल्लक असेल तर एंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवावे; त्याने टर्बोच्या बेअरिंगमधील तेलही फिरत राहते. द्रव सांडला असेल तर एंजिन तत्काळ बंद करावे. गरम झाकण उघडू नये, तापलेल्या एंजिनात थंड पाणी ओतू नये.

भाषेने एका शब्दात कोंबलेले दोन अर्थ एंजिनात वेगळे करण्याचे काम ती छोटी झडप करते. ती काढणे म्हणजे हा विवेकच काढून टाकणे होय.