पत्त्याच्या बाजूचा इतिहास

औरंगाबाद शहरातल्या गुलमंडी, औरंगपुरा, पैठण गेट या भागांतल्या जुन्या वाड्यांत पत्रांसाठी कपाट नसे, तार असे. खाली लाकडी चकती, वर आकडा. कार्ड वाचून झाले की तारेत खुपसायचे. वाडे पडले तेव्हा कित्येक तारा भंगारात गेल्या, काही नातवंडांच्या हाती लागल्या. नातवंडे मजकूर वाचायला बसतात आणि बहुधा निराश होतात. ‘इकडील सर्व क्षेम’, पाऊसपाणी, कुणाच्या तरी मुंजीची तिथी, यापलीकडे त्यात फारसे नसते. मराठवाड्यातल्या घराण्याचा माग काढायचा असेल तर कार्ड आधी उलटे धरावे, असे मला वाटते. पत्ता, तिकीट आणि शिक्का यांत जे सापडते, ते लिहिणाऱ्याने सांगायचे म्हणून सांगितलेले नसते.

ब्रिटिश हिंदुस्थानात पोस्टकार्ड 1 जुलै 1879 रोजी पाव आण्याला मिळू लागले. औरंगाबाद मात्र निजामाच्या मुलखात होते आणि त्या राज्याची तिकिटे 1869 पासून स्वतंत्र होती. 1871 च्या तिकिटांवर किंमत मराठीतही छापलेली दिसते. 1931 च्या मालिकेत आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठा लेण्यांचे प्रवेशद्वार आले, एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबाद. पण ही तिकिटे राज्याच्या हद्दीपुरतीच. जालना, परभणी, नांदेडच्या सोयऱ्यांना एक टपाल. पुणे, नगर, नाशिकच्या सोयऱ्यांना दुसरे. कायगाव निजामाचे आणि टोके इंग्रजांचे, मध्ये फक्त गोदावरी. नदीपलीकडे नेवासे तालुक्यात दिलेल्या लेकीचे कार्ड ब्रिटिश बादशहाचा मुखवटा घेऊन येई, अंबडला दिलेल्या तिच्या बहिणीचे निजामी छापाचे. एका तारेवरची कार्डे या हिशेबाने वेगळी केली, की कोणत्या पिढीने सोयरीक हद्दीपलीकडे नेली ते दिसू लागते. मात्र घाई करू नये. संस्थानातही काही ठिकाणी ब्रिटिश टपाल कचेऱ्या होत्या, म्हणून तिकिटासोबत शिक्क्यातले गावही वाचावे. 1 एप्रिल 1950 रोजी हैदराबादचे टपाल भारतीय टपालात विलीन झाले आणि हा भेद संपला.

खरी अडचण तारखांची. हैदराबाद राज्यात कारभार फसली सनाने चाले आणि महिन्यांची नावे इराणी : आजूर, दय, बहमन, इस्फंदार अशी. आजूरचा आरंभ ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. त्यामुळे आजूर आणि दय या महिन्यांसाठी फसली सनात 590 मिळवायचे, इस्फंदारपासून पुढे 591; बहमन दोन इसवी सनांत विभागलेला असल्याने दिवस पाहावा लागतो. 1357 फसली म्हणजे ऑक्टोबर 1947 पासूनचे वर्ष. त्याच वर्षाच्या अखेरीस, 17 सप्टेंबर 1948 ला, संस्थान मुक्त झाले. घरातल्या एखाद्या जन्मनोंदीवर ‘1357’ दिसले आणि ते शके मानले, तर माणूस पाच शतके मागे जातो. लिहिणारा शके, फसली, इसवी यांपैकी कोणतीही तारीख टाकी. पेशा आणि शाळा कळायला हीसुद्धा एक खूण आहे : पुरोहिताच्या घरी शके, कचेरीतल्या कारकुनाकडे फसली.

मायन्याकडे मी फार आशेने पाहते. वडील माणूस ‘तीर्थरूप’ आहे की ‘तीर्थस्वरूप’, यावरून सख्खे वडील आणि चुलते किंवा इतर आदरणीय असा फरक अनेकदा लागतो. सगळ्यात मोलाची दोन अक्षरे स्त्रियांच्या नावाआधीची. एका कार्डावर ‘सौ.’ आणि पुढच्या कार्डावर ‘गं. भा.’ असेल, तर त्या दोन शिक्क्यांच्या दरम्यान घरातला पुरुष गेला. मृत्यूचे कार्ड स्वतः टिकत नाही, कारण कोपरा फाडलेले पत्र वाचून फाडून टाकायची रीत होती. घरातला सर्वांत मोठा प्रसंग तारेवरून असा गायब असतो आणि तो या दोन अक्षरांतून भरून काढावा लागतो. जुन्या कार्डांत बायका बहुधा शेवटच्या ओळीतल्या आशीर्वादापुरत्या येतात. मोडीची वळणे मागे पडून बाळबोध अक्षर येते, लेकी शाळा शिकलेल्या असतात, तेव्हा त्या स्वतः लिहू लागतात. पहिले असे कार्ड सापडले तर ते वेगळे काढून ठेवा. त्या घराण्याच्या इतिहासात ते एखाद्या सनदेइतके महत्त्वाचे आहे.

अलीकडची कार्डे लावणे सोपे. पत्त्यात छापील पिन कोडचे चौकोन असतील तर कार्ड 15 ऑगस्ट 1972 नंतरचे. ‘जिल्हा जालना’ लिहिले असेल तर बहुधा मे 1981 नंतरचे, कारण तोवर जालना औरंगाबाद जिल्ह्यात होते.

कार्डे लॅमिनेट करू नका आणि ओल्या फडक्याने पुसू नका. जांभळी कॉपिंग पेन्सिल पाण्याने पसरते. दोन्ही बाजू स्कॅन करा. हाती आलेली नावे घेऊन शहरातल्या पुराभिलेख कार्यालयात जा, त्र्यंबकेश्वरच्या आपल्या तीर्थोपाध्यायांची वही उघडायला सांगा. तिथे पुरुषांची वंशावळ मिळेल, कार्डांत तिच्याभोवतीची गावे मिळतील. त्याआधी या दिवाळीत एक काम करा. 1948 पूर्वी उर्दू शाळेत बसलेली मंडळी आता नव्वदीच्या आसपास आहेत. उर्दूतला पत्ता आणि फसलीतला महिना ती अजून वाचतात. ज्याच्या घरात असे कुणी आहे, त्याने फराळाचे ताट पुढे ठेवावे, तार घेऊन शेजारी बसावे आणि ते सांगतील ते लिहून घ्यावे.