फौजदारी न्यायाचें शिक्षण

जळगांव व धुळें या दोन्ही जिल्ह्यांत भल्या पहांटे रस्त्यानें जाणाऱ्यास धांवण्याचा सराव करणारे तरुण व तरुणी जागोजाग दिसतात. पोलीस-भरतीची ही तयारी होय. शरीर कमावण्याची ही हौस स्तुत्य आहे. परंतु ज्या कामासाठीं हा सारा खटाटोप चालतो, त्या कामाचें ज्ञान मिळविण्याकडे तितकें लक्ष दिलें जात नाहीं. हें ज्ञान कोणतें, तें कोठें मिळतें, आणि नोकरी न मिळाली तरी तें कां उपयोगी पडतें, हें विद्यार्थी व त्यांचे पालक यांजपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंत या विषयास ‘क्रिमिनल जस्टिस’ म्हणतात. आपण त्यास फौजदारी न्याय म्हणूं. तेथें ‘कम्युनिटी कॉलेज’ या नांवाचीं सार्वजनिक महाविद्यालयें आहेत. इलिनॉय राज्यांतील जोलिएट येथें १९०१ सालीं निघालेलें महाविद्यालय त्यांपैकीं सर्वांत जुनें समजतात. घरीं राहून, नोकरी सांभाळून व थोड्या फींत येथें शिकतां येतें. सुमारें दोन वर्षांत साठ श्रेयांक पुरे केले म्हणजे ‘असोसिएट’ ही पदवी मिळते व पुढें चार वर्षांच्या पदवीकडे जाण्याची वाट मोकळी राहते. फौजदारी कायदा, पुराव्याचे नियम, तपासाची रीत, तुरुंगव्यवस्था, बालगुन्हेगारी, अहवाल-लेखन व नीतिशास्त्र हे तेथील नेहमींचे विषय होत. पोलिसास शिक्षण हवें, हा विचारही तेथें जुनाच आहे. कॅलिफोर्नियांतील बर्कली शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनीं १९०८ सालींच आपल्या शिपायांसाठीं शाळा काढली होती.

आतां या विषयाचें स्वरूप एका उदाहरणानें पाहूं. समजा, रावेरकडील एका केळीच्या बागेंतून पंपाची तांब्याची तार चोरीस गेली. मालकानें ठाण्यावर फिर्याद दिली, पंचनामा झाला, आणि संशयावरून एका इसमास अटक झाली. येथून पुढें प्रत्येक पावलास कायद्याचें बंधन आहे. प्रवासाचा वेळ वजा करून चोवीस तासांच्या आंत त्यास न्यायाधीशापुढें उभें केलें पाहिजे, असें राज्यघटनेचें बाविसावें कलम सांगतें. ‘चोरी मींच केली’ असें तो पोलिसांपुढें बोलला, तरी तेवढा कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा होत नाहीं. कारण मार देऊन वा धाक घालून कोणाकडूनही कांहींही वदवून घेतां येतें. तो अठरा वर्षांखालील असेल, तर त्याचें प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातें. चोरीचा माल पांच हजार रुपयांहून कमी किंमतीचा असून गुन्हा पहिलाच असेल, आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर तुरुंगाऐवजीं समाजसेवेची शिक्षा देण्याची तरतूद नव्या भारतीय न्याय संहितेंत आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडविधानाच्या जागीं आली. त्याच दिवसापासून फौजदारी कार्यपद्धतीचा व पुराव्याचा कायदाही नवा झाला. शिपायास हे नियम ठाऊक नसले, तर खरा चोर सुटतो किंवा निरपराधी माणूस भरडला जातो.

पोलीस व न्यायालय यांच्यानंतरचा तिसरा दुवा तुरुंग. धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबा भावे यांनीं दर रविवारीं गीतेवर प्रवचनें केलीं व साने गुरुजींनीं तीं लिहून घेतलीं, हें खानदेशांत सर्वश्रुत आहे. ते राजबंदी होते हें खरें. पण भिंतींच्या आंतही मनुष्याचें मन वाढूं शकतें, हें त्यावरून कळतें. शिक्षा भोगून आलेला इसम पुनः आपल्याच गांवांत राहावयाचा असतो; म्हणून त्याच्या सुधारणेचा विचार हाही या शास्त्राचाच भाग आहे.

आपल्याकडे याच नांवाची दोन वर्षांची पदवी रूढ नाहीं. तथापि वाटा पुष्कळ आहेत. शिपायाच्या भरतीस बारावी उत्तीर्ण असावें लागतें; शारीरिक चांचणीस ५० गुण, तर लेखी परीक्षेस १०० गुण असतात. केवळ धांवणाऱ्यांनीं हा हिशेब ध्यानांत ठेवावा. उपनिरीक्षकाच्या सरळ भरतीसाठीं पदवी लागते व लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते. कायद्याचा अभ्यास बारावीनंतर पांच वर्षांचा, किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा आहे. विज्ञानाची आवड असणाऱ्यांस छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय न्यायसहाय्यक विज्ञान संस्था जवळ आहे. पदवीधरांस इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची फौजदारी न्यायाची पदव्युत्तर पदविका घरीं राहून घेतां येते. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें, पदवीचीं दोन वर्षें झाल्यावर ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्यास पदविका देण्याची सोय केली आहे. तेव्हां मध्येंच थांबावें लागलें तरी केलेले श्रम फुकट जात नाहींत.

पालकांस आमचें विशेष सांगणें हेंच. भरतींत जागा थोड्या व उमेदवार फार असतात. खुल्या वर्गास वयाची मर्यादा अठ्ठावीस वर्षांची आहे. म्हणजे बारावी झालेला मुलगा केवळ मैदानाच्या भरंवशावर राहिला, तर त्याचीं आठ-दहा वर्षें निघून जातात, आणि निवड न झाल्यास हातीं दुसरें कांहींच उरत नाहीं. तेंच त्यानें सकाळीं धांवून दिवसा महाविद्यालय गांठलें, तर निवड झाल्यास तो जाणता शिपाई होईल. न झाल्यास वकिलाचा कारकून, वकील, प्रयोगशाळेंतील सहायक, किंवा गांवांतील चार लोकांस फिर्याद कशी द्यावी हें सांगणारा समंजस नागरिक तरी होईल. पहांटेचें धांवणें खुशाल चालूं द्यावें. मात्र यंदा बारावी होणाऱ्या मुलामुलींचीं नांवें जूनमध्यें महाविद्यालयांत घालण्यास चुकूं नये.