तीस सेकंदांचे सहा आकडे

विद्यापीठाच्या ई-मेलला आणि गुण भरायच्या पोर्टलला आता नुसता पासवर्ड चालणार नाही, असं परिपत्रक निघालं की संगणक केंद्रातले आम्ही लोक एकेका विभागात टेबल मांडून बसतो. प्राध्यापक येतात, कार्यालयातले अधीक्षक येतात, पीएच.डी.चे विद्यार्थी येतात. खुर्चीत बसल्याबसल्या निम्म्या जणांचा प्रश्न एकच असतो : "फोन माझा, रिचार्ज माझा. त्यात विद्यापीठाचं अ‍ॅप कशाला?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं सरळ उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं माझं मत आहे. कोड दाखवणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपला तुमचे फोटो, मेसेज किंवा संपर्क यांची गरज नसते. क्यूआर कोड वाचण्यापुरता कॅमेरा लागतो. त्या अ‍ॅपमधून विद्यापीठाला तुमच्या फोनमधलं काही दिसत नाही. हे शांतपणे सांगितलं की बहुतेक लोक फोन पुढे करतात. मी मात्र तो हातात घेत नाही. बटणं ज्याची त्यानेच दाबायची, म्हणजे पुढच्या वेळी अडत नाही.

लॅपटॉपच्या पडद्यावर क्यूआर कोड येतो. त्यात एक गुप्त किल्ली असते. स्कॅन झाला की तीच किल्ली सर्व्हरकडे आणि तुमच्या फोनमध्ये, अशी दोन्हीकडे राहते. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद उलटले ते मोजून त्याचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडायचे, चालू तुकड्याचा क्रमांक आणि किल्ली यांचं गणित करायचं, की सहा आकडे मिळतात. सर्व्हरही तेच गणित करतो आणि दोन्ही उत्तरं जुळली की दार उघडतं. ही पद्धत २०११ मध्ये आरएफसी ६२३८ या नावाने प्रमाणित झाली. कोड काढताना फोन कुणाला काही पाठवत नाही, त्यामुळे रेंज नसली तरी चालतं. डोंगरातल्या संलग्न कॉलेजात ओटीपीच्या एसएमएसची वाट बघत बसणाऱ्या शिक्षकांना याचा केवढा आधार होतो!

सगळी मदार वेळेवर असल्याने घोटाळाही तिथेच होतो. एका सरांचा कोड काही केल्या लागेना. स्कॅन नीट झालं होतं, आकडेही बरोबर टाकत होते. शेवटी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ आणि फोन शेजारी धरून पाहिलं, तर फोन दहा मिनिटं पुढे. सकाळची लोकल चुकू नये म्हणून त्यांनी मुद्दाम तसा लावला होता. सर्व्हर एखादा तुकडा मागेपुढे चालवून घेतो, दहा मिनिटं नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन 'स्वयंचलित वेळ' चालू केली आणि पुढचाच कोड लागला.

काही विभागांत सहा आकड्यांऐवजी फोनवर 'मंजूर करा' अशी सूचना येते. ती सोपी वाटते, म्हणूनच तिथे जास्त वेळ द्यावा लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत घुसलेल्या हल्लेखोराने एका कंत्राटदाराच्या फोनवर अशा सूचनांचा भडिमार केला आणि अखेर त्याने एक मंजूर केली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये आपल्या अ‍ॅपमध्ये पडद्यावरचा आकडा फोनमध्ये टाकणं सक्तीचं केलं. आपण लॉगिन करत नसताना सूचना आली तर नाकारायची आणि आम्हाला कळवायचं, हे मी प्रत्येकाकडून म्हणून घेते.

खरी दमछाक पुढे होते. कोड लागला की लोक उठायला लागतात, आणि मी त्यांना परत बसवते. फोन हरवला, पाण्यात पडला, एक्स्चेंजमध्ये दिला तर काय? त्यासाठी पोर्टल काही राखीव कोड देतं, प्रत्येक एकदाच चालणारा. त्यांचा फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवायची सवय इतकी पक्की आहे की मी प्रिंटरच टेबलाशी ठेवते. कागद घरी, कागदपत्रांच्या फाइलमध्ये. गुण भरायच्या शेवटच्या दिवशी ज्यांचा फोन बंद पडला, त्यांची तगमग मी पाहिली आहे.

आणखी एक गुंता आमच्याकडचाच. कित्येक विभागप्रमुखांचा पासवर्ड वर्षानुवर्षं लिपिकाकडे असतो. आता लिपिक फोन करून विचारतात, "सर, कोड काय आला?" आणि सर वर्गातून सांगतात. अशी सवय लागलेल्या माणसाला उद्या कुणीही 'संगणक केंद्रातून बोलतोय' म्हणून कोड विचारील. त्यावर लिपिकांना ओरडून उपयोग नाही. काम ते करतात, तर त्यांच्या नावाचं खातं आणि तेवढेच अधिकार त्यांना मिळायला हवेत. असा अर्ज आला की मी तो सगळ्यांत आधी हातावेगळा करते.

ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, किंवा ज्यांना स्वतःचा फोन वापरायचाच नाही, त्यांच्यासाठी पेनड्राइव्हएवढी सिक्युरिटी की असते. ती यूएसबीला लावायची, पिन टाकायचा, बोट टेकवायचं. सहा आकडे बनावट संकेतस्थळावर टाइप होऊ शकतात. ही की मात्र संकेतस्थळाचा पत्ता स्वतः तपासते आणि खोट्या पत्त्याला उत्तरच देत नाही. म्हणजे ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला उलट जास्त भक्कम साधन मिळतं. त्याचा खर्च विद्यापीठाने उचलावा, कर्मचाऱ्याने नव्हे. तशी टिप्पणी लिहून मी लेखा विभागाकडे पाठवली आहे आणि तिचा पाठपुरावा करते आहे.