केसाळ कुत्र्याची निगा : एका नव्या धंद्याचा हिशेब

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. थान उलगडले की दोष कुठे आहे ते नजरेला दिसते, सूत चिमटीत धरले की त्याचा नंबर सांगता येतो. परंतु कुत्र्याच्या केसांविषयी या पानावर लिहिण्याची वेळ येईल असे आम्हांस कधी वाटले नव्हते. ती वेळ आमच्या भाच्याने आणली.

भाचा भिवंडीचा. वडिलांचे आठ लूम होते. २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी आणि २०२० ची टाळेबंदी असे तीन तडाखे एकामागून एक बसले आणि अखेर लूम भंगाराच्या भावाने गेले. मुलगा पुण्याला गेला. पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात त्याला काम मिळाले. कुत्र्यांना आंघोळ घालणे, त्यांचे केस विंचरणे, कापणे, नखे काढणे असे ते काम. दोन वर्षांत हात बसला, तेव्हा त्याने स्वतःचे सामान घेतले आणि घरोघर जाऊन हेच काम सुरू केले. याला आज ग्रूमिंग म्हणतात.

घरात नाराजी झाली. बिरादरीत काय सांगायचे, हा बहिणीचा पहिला प्रश्न होता. दुसरा प्रश्न पाकीचा. राखणीसाठी व शिकारीसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याची लाळ, त्याचे ओले अंग, कामाचे कपडे आणि नमाज यांचे काय? हनफी आणि शाफई मसलकांत याबाबत तपशिलाचा फरक आहे. हा मसला आलिमांचा, आमचा नव्हे. भाच्याने आपल्या मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारले आणि कामाचे कपडे वेगळे ठेवले. वाचकांनीही आपापल्या आलिमांना विचारावे. आम्ही येथे फक्त धंद्याची बाजू मांडतो.

गेल्या ऑक्टोबरात त्याचा फोन आला. “मामू, मी हे काम सोडतो.” कारण विचारले. एप्रिलमध्ये एका गिऱ्हाइकाने आपल्या हस्की जातीच्या कुत्र्याचे केस उन्हाळ्यासाठी मशीनने पार उतरवायला सांगितले होते. असे करू नये हे भाच्याला माहीत होते. पण गिऱ्हाईक हातचे जाईल या भीतीने त्याने मशीन चालवले. सहा महिने झाले तरी पाठीवरचे केस नीट आले नव्हते, ठिकठिकाणी चकंदळे पडली होती. त्या गृहस्थाने सोसायटीभर सांगितले आणि तिथली सहा घरे एका आठवड्यात तुटली. आम्ही पुण्याची गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी त्याला एका सेंट बर्नार्डचे काम होते. आम्हीही सोबत गेलो. या जातीचा पूर्ण वाढलेला नर ६५ ते ८० किलोंचा भरतो. भाच्याने पाठीवरचे केस बोटांनी दुभागून दाखवले आणि आमचे डोळे उघडले. वर लांब, राठ केस आणि खाली कातडीला चिकटून दाट, मऊ लव. हा तर पश्मिन्याचा मामला! लडाखच्या चांगथांगमधल्या बकरीच्या अंगावरही असेच दोन थर असतात. थंडी सरली की लोक फणीने आतली लव विंचरून काढतात, वरचे राठ केस वेगळे करतात, आणि त्या लवेची शाल होते. एका बकरीमागे वर्षाला साधारण पाव किलो कच्चा माल निघतो आणि त्याला सोन्यासारखा भाव येतो. इथे मात्र पिशवीभर लव निघाली आणि ती कचऱ्यात गेली. तिथे लव पैसा आणते, इथे ती पैसा खाते.

ही जात आल्प्स पर्वतातली. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या मध्ये सुमारे २,४७० मीटर उंचीवर ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे. तिथल्या मठातले धर्मगुरू हे कुत्रे बाळगत आणि बर्फात अडकलेल्या वाटसरूंचा शोध घेत. मूळचे हे कुत्रे आखूड केसांचे होते. १८३० च्या सुमारास न्यूफाउंडलंड जातीशी संकर झाला आणि लांब केस आले. पण लांब केसांत बर्फ गोठून बसू लागले, कुत्र्याला चालणे जड झाले, म्हणून तसले कुत्रे मठाने खाली खोऱ्यात देऊन टाकले. बर्फातल्या मठालाही जे केस परवडले नाहीत, ते आज पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सांभाळले जात आहेत.

आता कामाची रीत. एवढे जड जनावर टेबलावर चढवत नाहीत, खाली रबरी चटई टाकतात. पहिली पायरी कोरड्या अंगावर विंचरण्याची. वरवर ब्रश फिरवला तर वरचे केस चमकतात आणि आत गुंता तसाच राहतो. म्हणून केस थराथराने दुभागून, खालून वर, कातडी दिसेपर्यंत विंचरावे लागतात. कानांमागे, बगलेत, मांड्यांच्या मागे गुंता हमखास सापडतो. तो सोडवल्याशिवाय पाणी लावायचे नाही. का, ते आम्हांस सांगावे लागले नाही. लोकरीला ओल आणि दाब मिळाला की तिचा नमदा होतो. गुंत्यावर पाणी पडले की तोही असाच आवळतो, आणि मग कात्रीवाचून इलाज राहत नाही.

त्यानंतर आंघोळ. माणसाचा शाम्पू चालत नाही, कारण कुत्र्याच्या कातडीचा गुण वेगळा असतो. मग वाळवण, आणि सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो. वरचे केस सुकले तरी लव ओली राहते. ओल कोंडली की कातडी चिघळते, वास येतो, आणि पावसाळ्यात तर हा धोका दुप्पट. म्हणून जोराच्या ड्रायरने कातडीपर्यंत हवा पोचवावी लागते. भाचा आणि त्याचा मदतनीस, दोघांना मिळून तीन तास लागले. दोघांची कंबर धरली होती.

उन्हाळ्यात केस का उतरवू नयेत, हेही त्याने समजावले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकत अंग थंड करतो. केसांचे दोन थर नीट विंचरलेले असतील तर ऊन थेट कातडीवर पडू देत नाहीत. मशीनने ते उतरवले की कातडी उघडी पडते, आणि काही कुत्र्यांचे केस नंतर पूर्वीसारखे येतच नाहीत. लव काढून टाकायची ती फणीने, पात्याने नव्हे.

रात्री आम्ही वही उघडली. सामानाचे भांडवल असे निघाले : ड्रायर १२,००० रुपये, केस कापण्याचे मशीन ७,०००, तीन पाती ४,५००, लहान कुत्र्यांसाठी घडीचे टेबल ९,०००, कात्र्या, फण्या व ब्रश ४,५००. एकूण ३७,०००. मोठ्या कुत्र्याचे तो सरसकट १,५०० रुपये घेत होता. त्यातून शाम्पू वगैरे १५०, पेट्रोल १५०, पाती घासणे व सामानाची झीज १५०, मदतनीस ४००, असे ८५० गेले. जाण्यायेण्यासह साडेचार तासांचे त्याच्या हाती ६५० रुपये राहिले. तेही रोज काम मिळाले तर. आम्ही म्हणालो, “अरे, तू कुत्रा मोजतोस. माल मोज. जाड कापड आणि मलमल एका भावाने कोणी विकतो का?”

तेव्हा नवा भाव ठरला. केस सांभाळलेले असतील तर २,०००, जटा झालेल्या असतील तर ३,०००. दर सहा आठवड्यांनी काम धरले तर वर्षात नऊ वेळा. म्हणजे मालकाला एका हिशेबाने १८,००० आणि दुसऱ्याने २७,०००. फण्या व शाम्पूचे ४,००० वेगळे. मधल्या ९,००० चा फरक कशाचा? मालकाने दिवसाआड अर्धा तास विंचरण्याचा, म्हणजे वर्षाला सुमारे नव्वद तासांचा. अशा कुत्र्याचा खर्च त्याच्या आकारावर तेवढा चढत नाही, जेवढा तो चुकवलेल्या दिवसांवर चढतो. पिल्लू घेताना हे नव्वद तास कोणी मोजत नाही.

हस्कीच्या मालकाकडे आम्ही दोघे गेलो. भाच्याने कबूल केले, “साहेब, मला माहीत होते, तरी मी नाही म्हणालो नाही. चूक माझी.” त्या दिवशीचे पैसे त्याने परत केले. गृहस्थांनी पैसे घेतले आणि चहा विचारला नाही. परतताना भाचा गप्प होता. आम्हीही बोललो नाही. आमच्याही हातून एकदा कच्च्या रंगाचे थान पक्के म्हणून गेले होते. ते गिऱ्हाईक कायमचे तुटले.

त्याने काम सोडले नाही. आता तो प्रत्येक कुत्र्याची नोंद वहीत ठेवतो, मालकाला फणी कशी धरायची ते फुकट शिकवतो, आणि केस पार उतरवायला सांगितले तर साफ नकार देतो. डॉक्टरांनी कातडीच्या आजारासाठी लिहून दिले असेल तर गोष्ट वेगळी. या मार्चमध्ये दोन गिऱ्हाइके त्या नकारावरून गेली. तुटलेल्या सहा घरांपैकी दोन परत आली, चार आली नाहीत.

वाचक बंधूंना आमची विनंती एवढीच. गोदामाच्या राखणीसाठी कुत्रा ठेवायचा असेल तर आपल्या हवेतला, आखूड केसांचा ठेवा. केसाळ जनावर घेतलेच असेल तर त्याचे नव्वद तास त्याला द्या, मुक्या जनावराचा तो हक्क आहे. आणि आपला मुलगा असे एखादे नवे काम शिकू म्हणत असेल तर बिरादरी काय म्हणेल हे नंतर विचारा. आधी विचारा, हात बसला आहे का, हिशेब लिहितोस का, आणि चुकीच्या कामाला नाही म्हणता येते का. हात शिकवणारे पुष्कळ मिळतात. नाही म्हणायला मात्र घरातच शिकवावे लागते, आणि आमच्याकडून ते थोडे उशिरा झाले.