खव्याची वडी आणि मूठभर चारोळी

गेल्या दिवाळीच्या आधी आमची पुतणी पुण्याहून धारला आली, ती येताना लोणावळ्याच्या चॉकलेट फजचा एक डबा घेऊन आली. लोणावळा म्हटले की आमच्यासारख्यांच्या डोळ्यांपुढे चिक्कीच उभी राहते. तथापि तेथील फजचेही नाव जुने आहे आणि मुंबई-पुण्याचे प्रवासी ते आवर्जून घरी नेतात. डबा उघडला. आत गडद तपकिरी रंगाचे चौकोनी तुकडे आणि त्यांत अक्रोडाचे दळदार दाणे. आमची आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. काचबिंदूने तिची दृष्टी जवळजवळ गेली आहे. तिच्या हातावर एक तुकडा ठेवला. तिने तो बोटांनी चाचपला, मोडला, तोंडात टाकला आणि जरा वेळाने म्हणाली, "ही तर खव्याची वडीच की. पाक मात्र छान साधलाय. कोणी केली?"

दुकानातली आहे असे सांगितल्यावर ती गप्प झाली. तिने स्वतः वडी केल्याला तीन वर्षे झाली होती. या तीन वर्षांत आमच्या घरी दिवाळीची वडी बाजारातूनच येत होती आणि त्याबद्दल कोणी एक अक्षर बोलले नव्हते. ती वडी आईशिवाय घरात कोणालाच येत नाही, ही गोष्ट त्या दिवशी प्रथम आमच्या ध्यानात आली. 'प्रथम' म्हणताना लाज वाटते, पण खरे तेच आहे.

आईचा तर्क मात्र अगदीच चुकीचा नव्हता. फज हा अमेरिकेतील पदार्थ. वय सव्वाशे-दीडशे वर्षांच्या आतले. एमेलिन हार्टरिज नावाच्या विद्यार्थिनीच्या पत्रात त्याचा जुना उल्लेख सापडतो. १८८६ साली बाल्टिमोर येथे ही मिठाई ४० सेंट पौंड या दराने विकली जात होती, असे ती लिहिते. तिने कृती मिळवली आणि १८८८ साली आपल्या व्हासर या मुलींच्या महाविद्यालयातील विक्रीसाठी ३० पौंड फज स्वतः केला. म्हणजे हा पदार्थ हलवायाच्या भट्टीपेक्षा हौशी मुलींच्या हातून अधिक वाढला. दूध, साखर, लोणी व चॉकलेट एकत्र आटवायचे, पाकाची नरम गोळी होऊ लागली की उतरवायचे, आणि मग (येथेच खरी मेख आहे) त्याला हात न लावता कोमट होऊ द्यायचे. त्यानंतरच घोटायचे. गरम असताना घोटले तर साखरेचे मोठे स्फटिक बनतात आणि फज रवाळ होतो. कोमट झाल्यावर जोराने घोटले तर असंख्य बारीक स्फटिक एकाच वेळी बनतात आणि जिभेला लोण्यासारखा मऊपणा लागतो. भांड्याच्या काठाला चिकटलेला साखरेचा एखादा कण आत पडला, तरी तो सगळा घाणा बिघडवू शकतो. आमची आई पाक उकळताना कढईच्या कडा ओल्या फडक्याने पुसत असे. आम्ही तो तिचा स्वच्छतेचा सोस समजत होतो!

आपल्या वडीत मात्र दूध आधीच आटलेले असते. धारच्या बाजारात 'खवा' मागितला तर दुकानदार क्षणभर आपल्या तोंडाकडे पाहतो. तेथे 'मावा' म्हणावे लागते. उंबरठ्याच्या आत खवा, बाहेर मावा. आत पाक, बाहेर चाशनी. माळव्यातील मराठी माणूस दिवसातून दहा वेळा हा उंबरठा ओलांडतो आणि त्याला त्याचे काही वाटत नाही. म्हशीच्या लिटरभर दुधाचा साधारण २०० ग्रॅम खवा होतो, त्यावरून भावाचा हिशेब वाचकांनी करावा. त्या हिशेबाहून फारच स्वस्त मिळणाऱ्या खव्यात दुधाखेरीज आणखी काही आहे असे समजावे. त्यात पीठ मिसळले आहे की नाही हे पाहणे सोपे आहे. खव्याचा छोटा तुकडा पाण्यात उकळावा, निववावा आणि त्यात आयोडीनचा थेंब टाकावा. निळा रंग आला तर पीठ आहे. नमुना पुन्हा खव्यात टाकू नये, हे शिक्षकाच्या सवयीने सांगून ठेवतो.

आता आमच्या वडीची वंशावळ. आईचे माहेर देवासचे. पवारांच्या दोन भावांनी एकाच गावात थाटलेली थोरली पाती आणि धाकटी पाती ही दोन राज्ये १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली, तेव्हा आई सहा वर्षांची होती. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव म्हणून देवासात राहिला. त्याचे 'द हिल ऑफ देवी' हे पत्रांचे व आठवणींचे पुस्तक १९५३ साली निघाले. राजवाड्यातल्या ताटात वाढलेल्या पदार्थांविषयीही त्याने कौतुकाने लिहिले आहे. आईच्या माहेरी राजवाड्याचा थाट नव्हता. पण वडी पांढरीशुभ्र हवी, खवा जेमतेम परतायचा आणि वर चारोळी, असा तिथला दंडक होता. ती लग्न होऊन धारला आली, तो येथेही पवारांचेच संस्थान होऊन गेलेले, माणसेही तीच, पण वडी निराळी! आमच्या आजीची वडी तांबूस, खवा खरपूस भाजलेला, त्यात अक्रोड आणि जायफळ. नव्या सुनेने पहिल्या दिवाळीला आपली पांढरी वडी केली, तेव्हा आजीने विचारले म्हणे, "ही खायची, की हिने अंग घासायचे?"

आईने उलट उत्तर दिले नाही. पुढच्या वर्षी तिने खवा अर्धवट भाजला, अक्रोड घातला आणि चारोळीही ठेवली. तीच आमच्या घरची वडी झाली. चारोळी ही तर आपल्या मध्य प्रदेशातील जंगलांची देणगी. अक्रोड येतो काश्मिरातून. दोहोंना आधी मंद आचेवर भाजावे लागते. कच्चे घातले तर ते वडीतला ओलावा पितात आणि दोन दिवसांत लिबलिबीत होतात. शिवाय भाजलेल्या अक्रोडाची साल चोळून काढता येते, म्हणजे कडवटपणाही जातो.

पुतणी परत गेल्यावर आमची सूनबाई म्हणाली, "आजी, तुम्ही सांगा, मी करते." सूनबाई रतलामच्या हिंदी घरातली. मराठी ती लग्नानंतर शिकली आणि आता आमच्या मुलापेक्षा शुद्ध बोलते. आम्ही वही घेऊन बसलो. खवा ५०० ग्रॅम, साखर २५० ग्रॅम, पाणी साखर भिजेल इतके; एवढे सहज मिळाले. पाक कुठवर आणायचा, यावर गाडे अडले. आई म्हणे, "पाण्यात थेंब टाकला की गोळी झाली पाहिजे." गोळी किती घट्ट? "मी पाहिली की मला कळायचे."

येथे आम्ही आमची विद्वत्ता मध्ये घातली. स्वयंपाकाचा तापमापक मागवला. पुस्तकात नरम गोळीचे तापमान ११२ ते ११६ अंश सेल्सिअस दिले होते. आम्ही ऐटीत ११६ अंशांवर कढई उतरवायला लावली. भाजलेला खवा त्यात घातला, घोटला, ताटात थापला. तासाभराने सुरी चालेना. वडीच्या ठिकऱ्या उडाल्या आणि घरातील मुलांनी त्या 'चिक्की' म्हणून संपवल्या.

चूक पुस्तकाची नव्हती, वाचणाऱ्याची होती. पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे असतात. आपले माळव्याचे पठार. धार आणि देवास ही दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहेत. येथे पाणी १०० नव्हे, सुमारे ९८ अंशांनाच उकळते, म्हणून पाकाच्या प्रत्येक आकड्यातून दोन अंश वजा केले पाहिजेत. शिवाय आम्ही वरची मर्यादा धरली होती. इतकी वर्षे शाळेत उत्कलनबिंदू शिकवून हे कढईपाशी आठवले नाही.

दुसऱ्या वेळी आई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली. पाक उकळू लागला. आई मान कलती करून ऐकत होती. पातळ पाकाचे बुडबुडे भराभर फुटतात, त्यांचा आवाज वेगळा. पाक दाटला की ते मोठे होतात, सावकाश फुटतात आणि आवाज जड होतो. हे तिने कधी कोणाला सांगितले नव्हते, बहुधा स्वतःलाही नाही. "उतरव," ती एकदम म्हणाली. सूनबाईने तापमापक पाहिला: १०७. आमच्या तोंडून शब्द निघून गेला, "आई, अजून वेळ आहे." सूनबाईने आमच्याकडे पाहिले, पण आईचे ऐकले. ती वडी थापली खरी. दुसऱ्या दिवसापर्यंत ती ताटात सैलच राहिली. आईने बोटाने चाचपली आणि "आता मला कळत नाही," एवढेच म्हणून खोलीत निघून गेली. त्या रात्री ती नीट जेवली नाही.

सूनबाईने तो विषय सोडला नाही. सकाळी ती आम्हांस म्हणाली, "बाबा, काल पंखा चालू होता. आणि शेजारच्या शेगडीवर कुकर होता." दोन दिवसांनी, घरात कोणी नसताना, तिने पंखा बंद केला, दुसरी शेगडी बंद ठेवली, खिडकी लावून घेतली आणि आईला हात धरून आणले. आम्ही शाळेतून आलो तेव्हा ताट ओट्यावर निवत होते. आईने 'उतरव' म्हटले, तेव्हा काटा ११२ वर होता, असे सूनबाईने सांगितले. पुस्तकातला ११४ अंशांचा पाक धारला ११२ अंशांनाच होतो. वडी सुरीने सरळ कापली गेली. कडा मऊ, मध्ये अक्रोडाचा कुरकुरीतपणा, रंग ना देवासचा ना धारचा.

मग वही पुरी करायला बसलो. अक्रोड १०० ग्रॅम. जायफळ चिमूटभर. चारोळी? "मूठभर," आई म्हणाली. कोणाची मूठ, असे आम्ही विचारणार, तोच सूनबाईने काटा समोर ठेवला आणि चारोळीचा डबा आईच्या हाताखाली सरकवला. आईच्या मुठीत ३४ ग्रॅम चारोळी भरली. मग आईने सूनबाईचा हात चाचपडत डब्यात घातला, "आता तुझी." तिची मूठ २७ ग्रॅमची निघाली.

वहीत दोन्ही आकडे लिहून ठेवले आहेत.