दोन उभ्या रेघांमधले अंतर

संख्यारेषेवर शून्यापासूनचे अंतर म्हणजे केवल मूल्य. त्यासाठी दोन उभ्या रेघांचे चिन्ह जर्मन गणिती कार्ल वायरश्ट्रास यांनी १८४१ मध्ये वापरले.

|क्ष − ५| = ३ म्हणजे ५ पासून ३ एककांवरच्या संख्या शोधा: २ आणि ८. आलेखात हे किती छान दिसते! य = |क्ष − ५| चे टोक (५, ०) वर, तिथून दोन भुजा वर जातात आणि य = ३ ही आडवी रेषा दोन्हींना छेदते. य = −२ मात्र खालूनच जाते; तिथे उकल नाही.

खरी कसोटी |क्ष − १| = २क्ष + ४ मध्ये आहे. धन-ऋण दोन्ही शक्यता सोडवल्या की −५ आणि −१ मिळतात. पण −५ घेतल्यास उजवी बाजू −६ होते, आणि अंतर ऋण कसे असेल? हा पडताळा अनेक विद्यार्थी गाळतात. आलेखावर य = २क्ष + ४ ही तिरपी रेषा य = |क्ष − १| च्या भुजांना एकदाच भेटते, क्ष = −१ पाशी.